अमेरिकेतले हक्क: आधी विचारा, मोडला कुणी?

वाळवण

"कंपनीनं एका पोस्टवरून कामावरून काढलं, मग भाषणस्वातंत्र्य कुठे गेलं?" अमेरिकेतल्या हक्कांवर चर्चा निघाली की हा प्रश्न येतोच, आणि पुढचे शंभर प्रतिसाद पहिल्या घटनादुरुस्तीवर खर्ची पडतात. त्या दुरुस्तीचा पहिला शब्द 'काँग्रेस', म्हणजे अमेरिकेची संसद, हा आहे. काँग्रेस अमुक प्रकारचा कायदा करणार नाही, असं ते वाक्य आहे. त्यात कंपनी कुठेच नाही. म्हणून हा धागा. हक्कावर बोलण्याआधी तो मोडला कुणी हे ठरवायचं. कोणता कायदा, कोणतं कार्यालय, किती दिवसांची मुदत, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं.

आधी शब्द. नागरी स्वातंत्र्यं म्हणजे जिथे सरकारनं हात घालायचा नाही अशा जागा: बोलणं, धर्म, घराची झडती, जबाब. नागरी हक्क म्हणजे वंश, धर्म, लिंग, मूळ देश यांवरून वेगळी वागणूक मिळू नये, आणि त्यासाठी सरकारनं मध्ये पडावं. पहिल्यात सरकार आरोपी असतं, दुसऱ्यात बरेचदा पंच.

हक्कांची सनद, म्हणजे पहिल्या १० दुरुस्त्या, १७९१ साली आली आणि ती फक्त केंद्र सरकारला लागू होती. बाल्टिमोर शहराच्या रस्त्याच्या कामांमुळे बॅरन नावाच्या माणसाच्या धक्क्यापाशी गाळ साचला, जहाजं लागेनात. त्यानं पाचव्या दुरुस्तीखाली भरपाई मागितली. सुप्रीम कोर्टानं १८३३ मध्ये सांगितलं की ही सनद राज्यांना आणि शहरांना बांधत नाही. यादवी युद्धानंतर १८६८ साली चौदावी दुरुस्ती आली आणि तिच्या आधारानं कोर्टानं सनदेतले हक्क राज्यांवर लागू केले. तेही एकगठ्ठा नाही, सुटे सुटे. भाषण १९२५ पासून, बेकायदा झडतीतला पुरावा बाद करणं १९६१, गरीब आरोपीला सरकारी खर्चानं वकील १९६३, शस्त्र २०१०, अवाजवी दंडाला मनाई २०१९ (इंडियानात ४२ हजार डॉलरची गाडी जप्त केली होती, त्या गुन्ह्याला कमाल दंड १० हजार), ज्यूरीचा एकमुखी निकाल २०२०. गंभीर गुन्ह्यासाठी ग्रँड ज्यूरी (खटला भरण्याइतका पुरावा आहे का हे आधी पाहणारं नागरिकांचं मंडळ) हवीच, हे बंधन राज्यांवर आजही नाही.

मग खासगी माणसांचं काय? हॉटेलं, आगगाड्या, नाटकगृहं यांतला वंशभेद बंद करणारा कायदा काँग्रेसनं १८७५ मध्येच केला होता. १८८३ मध्ये कोर्टानं तो उडवला: चौदावी दुरुस्ती सरकारला बांधते, खाणावळवाल्याला नाही. म्हणून १९६४ चा नागरी हक्क कायदा लिहिताना आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराचा आधार घेतला. बर्मिंगहॅमच्या ऑलीज बार्बेक्यूचं गिऱ्हाईक स्थानिक होतं, पण मांस राज्याबाहेरून आलेलं होतं. तेवढ्यावर तो कायदा त्याला लागू झाला. माणसाला पंगतीत बसू द्यायचं की नाही, हे ताटातलं मांस कुठून आलं यावर ठरावं, ही या घटनेची एक खासियत.

तर वाटणी अशी. राज्य, काउंटी किंवा शहराचा नोकर असेल (पोलिस, सरकारी शाळा, सरकारी विद्यापीठ), तर संविधान थेट लागू आणि दावा 'सेक्शन १९८३' खाली. हे साल नव्हे, कलमाचा आकडा. कायदा १८७१ चा. केंद्राचा नोकर असेल तर रस्ता वेगळा आणि फार अरुंद. नोकरी देणारा खासगी मालक असेल तर १९६४ च्या कायद्याचा टायटल सेव्हन, म्हणजे सातवा भाग. घरमालक असेल तर १९६८ चा फेअर हाउसिंग कायदा. हॉटेल, थिएटर, पेट्रोलपंप असेल तर १९६४ च्याच कायद्याचा टायटल टू. पण त्याखाली नुकसानभरपाई नाही, फक्त मनाई हुकूम मिळतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

वरच्या पोस्टवाल्या प्रश्नाचं उत्तर: खासगी कंपनीवर पहिली दुरुस्ती लागू नाही. मात्र राज्याचा कायदा पाहा. कॅलिफोर्नियाच्या कामगार संहितेतली कलमं ११०१ आणि ११०२ खासगी नोकराच्या राजकीय कृतीला संरक्षण देतात, कनेक्टिकटमध्येही तसा कायदा आहे. पगारावरून सहकाऱ्यांशी बोलल्याबद्दल काढलं असेल तर ते १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याचं प्रकरण. तिथे व्हिसा कोणता हे आड येत नाही, पण तुम्ही सुपरवायझर असाल तर तो कायदा तुमच्यासाठी नाही.

अर्धाचहा

वाचनखूण साठवली. एक प्रश्न. हे सगळं कोर्टातलं झालं. रस्त्यात पोलिसानं गाडी थांबवली तर काचेपाशी नेमकं काय बोलायचं, काय नाही? आणि एच-१बीवाल्याला हे हक्क असतात का मुळात?

तळटीप

दुसऱ्याचं उत्तर आधी. चौथी आणि पाचवी दुरुस्ती, आणि चौदावीतलं समान संरक्षणाचं कलम, 'नागरिक' म्हणत नाही. लोक किंवा व्यक्ती म्हणतं. १८८६ च्या यिक वो खटल्यात सॅन फ्रान्सिस्कोनं चिनी धोब्यांना परवाने नाकारले होते. ते अमेरिकन नागरिक नव्हते, तरी समान संरक्षणाच्या कलमाखाली जिंकले. व्हिसावाल्याचा फरक पडतो तो सीमेवर आणि मतपेटीपाशी. त्यावर खाली कुणीतरी लिहीलच.

आता रस्ता. पोलिसाला थांबवायला छोटं कारण पुरतं: मागचा दिवा बंद, इंडिकेटर न देता वळण. त्याच्या मनात दुसराच हेतू असला तरी चालतं (व्हेरन खटला, १९९६; पुढेही कंसात खटल्याचं नाव आणि साल). कायद्यात त्याची समज चुकली असली, पण चूक वाजवी असली, तरीही थांबवणं टिकतं (हाइन, २०१४, त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे ब्रेकचा एकच दिवा चालू असला तरी पुरत होतं). तेव्हा "मला का थांबवलं" हा वाद रस्त्यावर घालण्यात अर्थ नाही.

गाडी बाजूला, इंजिन बंद, रात्र असेल तर आतला दिवा लावा, हात स्टिअरिंगवर. लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स दाखवावंच लागतं. "गाडीतून उतरा" म्हटलं तर उतरायचं. चालकाला उतरवायला वेगळं कारण लागत नाही (मिम्स, १९७७), शेजारी बसलेल्यालाही नाही (१९९७). शेजारी बसलेलाही त्या वेळी अडवलेलाच समजला जातो, म्हणून थांबवणंच बेकायदा होतं असा आक्षेप त्यालाही घेता येतो (ब्रेंडलिन, २००७).

बहुतेक जण फसतात ते पुढच्या वाक्यापाशी. "गाडी जरा पाहू का?" हा प्रश्न असतो, हुकूम नसतो. तुम्ही "हो" किंवा "बघा ना" म्हणालात की संमती दिलीत. नाही म्हणायचा हक्क आहे हे सांगायला पोलिस बांधील नाही (श्नेकलॉथ, १९७३), आता जाऊ शकता हे सांगायलाही नाही (रॉबिनेट, १९९६). शांतपणे एकच वाक्य: "मी झडतीला संमती देत नाही." नाही म्हणणं हे संशयाचं कारण धरता येत नाही. त्यानं तरीही झडती घेतली तर अंगानं अडवू नका. सबळ कारण असेल तर गाडीला वॉरंट लागत नाही, हा नियम १९२५ पासूनचा आहे. तुमचं वाक्य त्या क्षणी झडती थांबवत नाही. पुढे कोर्टात पुरावा बाद करून घेताना ते लागतं, आणि बॉडी कॅमेऱ्यात स्पष्ट ऐकू यायला हवं.

अमली पदार्थ हुंगणारं कुत्रं आणतो म्हणाला तर वेळ पाहा. तिकीट द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात कुत्रं हुंगून गेलं तर चालतं. तिकीट देऊन झाल्यावर कुत्र्यासाठी थांबवून ठेवलं तर नाही. रॉड्रिगेझ (२०१५) खटल्यात फरक ७-८ मिनिटांचा होता. तिकीट हातात पडलं की विचारा: "मी जाऊ शकतो का?"

गप्प राहण्याबद्दल सिनेमांनी मोठा घोटाळा केलाय. मिरांडाचा इशारा (गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क आहे असं पोलिसानं सांगणं, १९६६) लागतो तो ताब्यात घेऊन चौकशी करताना. साधं गाडी थांबवणं 'ताबा' नाही (१९८४), म्हणून तिथे इशारा दिला नाही म्हणून केस उडत नाही. नुसतं गप्प बसणंही पुरत नाही. २०१० च्या थॉम्पकिन्स खटल्यात आरोपी जवळजवळ पावणेतीन तास गप्प होता, मग देवाकडे क्षमा मागतोस का या प्रश्नाला "हो" म्हणाला. तो जबाब ग्राह्य धरला गेला, कारण मी गप्प राहण्याचा हक्क वापरतोय असं तो बोलला नव्हता. २०१३ मध्ये तर ताब्यात नसताना एका प्रश्नापाशी अचानक गप्प होणं हेच पुरावा म्हणून वापरू दिलं. तेव्हा गप्प राहायचं हे बोलून सांगावं लागतं. विचित्र आहे, पण नियम तसा आहे. वकिलाचंही तसंच: "बहुतेक वकिलाशी बोलायला हवं" हे पुरत नाही (डेव्हिस, १९९४). "मला वकील हवा आहे. वकिलाशिवाय मी उत्तर देणार नाही." इतकं सरळ. त्यानंतर चौकशी थांबवावी लागते. पण नंतर तुम्ही स्वतःहून गप्पा सुरू केल्यात तर ते कवच गेलं.

नाव विचारलं तर? अनेक राज्यांत वाजवी संशयावरून थांबवलेल्यानं नाव सांगणं सक्तीचं आहे आणि सुप्रीम कोर्टानं २००४ मध्ये ते मान्य केलंय. नाव सांगा. खोटं नाव कधीच नको.

कोकणकडा

तळटीप, उत्तम. फोनबद्दल राहिलं. अटक केली तरी फोनमधला मजकूर पाहायला वॉरंट लागतं (रायली, २०१४, नऊ विरुद्ध शून्य). पण पासकोड आणि बोट यांत फरक पडू शकतो. बोट धरून फोन उघडवणं हे पाचव्या दुरुस्तीतली 'साक्ष' आहे की नुसतं ठसे घेण्यासारखं, यावर केंद्रीय अपील न्यायालयांत एकमत नाही. फोन बंद करून पुन्हा सुरू केला की तो आधी कोडच मागतो. तेवढी खबरदारी पुरे.

विमानतळावर रायली विसरा. सीमेवरची झडती हा जुना अपवाद आहे. कस्टम्सच्या जानेवारी २०१८ च्या नियमावलीप्रमाणे अधिकारी हातानं चाळेल तर संशयाचं कारण लागत नाही. यंत्राला जोडून मजकूर काढून घ्यायचा तर वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचं कारण लागतं. नेटवर्क बंद करून फक्त फोनवर साठवलेलं पाहायचं, क्लाउडवरचं नाही. यंत्र ठेवून घेतलं तर नेहमीची मर्यादा ५ दिवसांची, ती वाढवता येते. नागरिकानं पासकोड नाकारला तर फोन जाईल, पण त्याला देशात घ्यावंच लागतं. व्हिसावाल्यानं नाकारला तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो. एकच नकार, परिणाम दोन. एच-१बीवर असाल तर "माझा हक्क आहे" एवढ्या बळावर तिथे ताणून धरू नका, असं माझं मत.

उंबरठा

दाराबद्दल दोन ओळी, कारण हल्ली हाच प्रश्न जास्त येतो. घरात शिरून अटक करायला न्यायाधीशाचं वॉरंट लागतं (पेटन, १९८०), तातडीचं कारण किंवा संमती नसेल तर. इमिग्रेशन खात्याचे आय-२०० (अटकेचा) आणि आय-२०५ (हद्दपारीचा) हे कागद खात्याचाच अधिकारी सही करून काढतो. त्यांवर न्यायाधीश नसतो. चौथ्या दुरुस्तीच्या रूढ अर्थानं ते घरात शिरायला पुरत नाहीत. कागद दाराखालून किंवा काचेतून दाखवायला सांगा आणि तीन गोष्टी पाहा: वर कोर्टाचं नाव आहे का, खाली न्यायाधीशाची सही आहे का, पत्ता तुमचाच आहे का. दार उघडून बाजूला होणं ही संमती धरली जाऊ शकते, म्हणून बोलणं बंद दारामागून. खोलीत दोघं राहत असतील आणि एक हो, एक नाही म्हणाला, तर समोर उभ्या असलेल्याचा नकार चालतो (रँडॉल्फ, २००६). पण नकार देणाऱ्याला कायदेशीर अटक करून नेलं आणि मग उरलेल्यानं हो म्हटलं, तर ती संमती टिकते (फर्नांडिस, २०१४). न थांबता शिरलेच, तर "संमती नाही" एवढंच म्हणा आणि हात दिसतील असे ठेवा.

माळरान

मी नोकरीतल्या भेदभावाबद्दल लिहितो, कारण तिथे हक्क असूनही लोक मुदतीपायी हरतात.

टायटल सेव्हनखाली थेट कोर्टात जाता येत नाही. आधी समान रोजगार संधी आयोगाकडे, म्हणजे ईईओसीकडे तक्रार. मुदत १८० दिवस. राज्यात किंवा शहरात तसाच कायदा राबवणारी संस्था असेल तर ३००. केंद्र सरकारी नोकराला ४५ दिवसांत समुपदेशक गाठावा लागतो. दिवस मोजायचे ते निर्णय कळवल्याच्या दिवसापासून, शेवटच्या कामाच्या दिवसापासून नव्हे (रिक्स, १९८०). "३० जूनला तुमची नोकरी संपेल" हे पत्र १ मार्चला मिळालं तर घड्याळ १ मार्चला सुरू. आणि एचआरकडे अंतर्गत तक्रार चालू आहे म्हणून घड्याळ थांबत नाही, हेही त्याच निकालात आहे. सगळ्यात जास्त दावे इथेच बुडतात: एचआर सहा महिने "आम्ही बघतोय" म्हणतं आणि १८० दिवस निघून जातात.

ईईओसीच्या संकेतस्थळावर पहिल्या पायरीला जे भरता ती नुसती विचारणा असते. ती भरली म्हणजे तक्रार दाखल झाली असं नाही. मुलाखत होते, मग मसुदा येतो, त्यावर सही केली की ती तक्रार. मुलाखतीच्या तारखा लांबच्या मिळतात, म्हणून शेवटच्या महिन्यात सुरुवात करू नका. तक्रारीत 'मूळ देश', 'वंश', 'धर्म' यांपैकी जे लागू ते सगळं, आणि तक्रार केल्यावर त्रास झाला असेल तर 'सूड' हेही नमूद करा. पुढचा दावा तक्रारीच्या कक्षेतच राहतो. कन्सल्टिंगमधल्यांनी पगार देणारी कंपनी आणि जिथे बसून काम केलं ती, दोघींची नावं घाला. एकीनं "तो आमचा नोकर नाही" म्हणून अंग काढून घेणं नेहमीचं आहे.

आयोगाचं 'दावा करण्याच्या हक्काचं' पत्र आलं की कोर्टात जायला ९० दिवस. ९१ व्या दिवशी सहसा दार बंद.

कंपनीत किमान १५ नोकर हवेत, चालू किंवा मागच्या वर्षात २० आठवडे तरी. भरपाईला (थकलेला पगार सोडून) वरची मर्यादा आहे: १०० नोकरांपर्यंत ५० हजार डॉलर, ५०० च्या वर ३ लाख. हे आकडे १९९१ पासून तेच आहेत, महागाईशी त्यांचा संबंध नाही. तेव्हाच्या ३ लाखांत सिलिकॉन व्हॅलीत घर येत असेल, आता पार्किंगची जागा बघा.

एक सुधारणा मात्र बरी झाली: २०२४ च्या मल्ड्रो निकालानं बदलीसारख्या प्रकरणात नुकसान 'मोठं' असल्याचं दाखवायची अट काढली. काहीतरी नुकसान दाखवलं की पुरे.

कोकणकडा

माळरान, एक दुरुस्ती. टायटल सेव्हन हा एकच रस्ता नाही. वंशावरून भेदभाव असेल तर 'सेक्शन १९८१' आहे, मूळ १८६६ च्या कायद्यातला. त्याला १५ नोकरांची अट नाही, आयोगाकडे जायची गरज नाही, भरपाईला मर्यादा नाही, आणि नोकरीत असताना झालेल्या वागणुकीसाठी मुदत ४ वर्षांची. यात 'वंश' म्हणजे कुळ आणि वांशिक ओळखही, असं १९८७ मध्ये अरब वंशाच्या प्राध्यापकाच्या खटल्यात ठरलं. १८० दिवस हुकले म्हणून सगळं संपलं असं सांगू नका.

माळरान

मान्य, ते लिहायला हवं होतं. पण १९८१ ला दोन काटे आहेत. एक, २०२० पासून वंश नसता तर हा निर्णय झालाच नसता इतकं सिद्ध करावं लागतं. टायटल सेव्हनला 'एक कारण वंश होतं' एवढ्यावर भागतं. दोन, तो धर्म, लिंग आणि नुसता मूळ देश यांना लागू नाही. "भारतीय पासपोर्टवाले नकोत" आणि "भारतीय वंशाचे नकोत" ही त्याच्या नजरेत वेगळी वाक्यं. परदेशी नागरिक म्हणून खासगी माणसानं नाकारलं तर १९८१ चालतो का, यावर सर्किट कोर्टांत (विभागवार केंद्रीय अपील न्यायालयांत) फाटाफूट आहे. पाचव्या सर्किटनं १९८७ मध्ये एका भारतीय नागरिकाच्याच खटल्यात नाही म्हटलं. त्याला क्रेडिट कार्ड नाकारलं होतं.

टायटल सेव्हनमध्येही नागरिकत्वावरून भेद येत नाही (एस्पिनोझा, १९७३). त्यासाठी इमिग्रेशन कायद्यात वेगळं कलम आहे, ४ नोकरांपासून, मुदत १८० दिवस, तक्रार न्याय खात्याकडे. पण त्यात नागरिक, ग्रीनकार्डवाले, निर्वासित असे ठरावीक लोकच येतात. एच-१बी त्यात बसत नाही.

अर्धाचहा

आणि जात? सिएटलचं काय झालं?

तळटीप

सिएटलनं फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराच्या भेदभावविरोधी कायद्यात जात घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं त्याच वर्षी तसं विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये ते परत पाठवलं: सध्याच्या कायद्यातल्या 'कुळ' वगैरे शब्दांत हे येतंच, असं कारण दिलं. टायटल सेव्हनमध्ये 'जात' हा शब्द नाही. त्यामुळे केंद्रीय कायद्याखाली दावा करणाऱ्याला ती वंश, मूळ देश किंवा धर्म यांच्या चौकटीत बसवून मांडावी लागते.

शाईचीदौत

इथे आपल्या घटनेशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकन कोर्टाला १८८३ मध्ये जी अडचण आली, ती आपल्याकडे कागदावर तरी सोडवलेली होती. कलम १५(२) दुकानं, हॉटेलं, विहिरी, पाणवठे यांबाबत खासगी माणसालाही बांधतं, १७ अस्पृश्यतेबाबत, २३ वेठबिगारीबाबत. त्यांच्याकडे खासगी माणसाला थेट बांधणारी ठळक दुरुस्ती एकच, तेरावी, गुलामगिरीची. पाणवठ्याचा अनुभव असलेल्यांनी घटना लिहिली की असा फरक पडतो. शिवाय आपल्याकडे कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालय गाठता येतं. बाबासाहेब त्याला घटनेचा आत्मा म्हणाले. तिकडे जिल्हा न्यायालयापासून चढत जावं लागतं.

उलट पुराव्याबाबत ते पुढे आहेत. बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा तिकडे १९६१ पासून राज्यांच्या कोर्टांतही बाद होतो. आपल्याकडे पूरणमल खटल्यापासून (१९७४) झडती बेकायदा असली तरी पुरावा सहसा चालतो.

वाळवण

छान मुद्दा. फक्त 'बाद होतो' यालाही भोकं आहेत. अडवणं बेकायदा, पण मधेच जुनं अटक वॉरंट निघालं, तर त्यानंतरच्या झडतीतला पुरावा चालतो (स्ट्रीफ, २०१६).

आता १९८३ च्या दाव्याबद्दल, कारण 'पोलिसांवर केस करतो' हे म्हणायला सोपं आहे.

पहिलं, मुदत केंद्रीय कायद्यात लिहिलेलीच नाही. राज्याच्या शारीरिक इजेच्या दाव्याची मुदत उसनी घेतात. टेनेसीत १ वर्ष, कॅलिफोर्निया, टेक्सास आणि न्यू जर्सीत २, न्यूयॉर्कमध्ये ३. पण त्याच घटनेवर राज्याच्या कायद्याचा दावाही जोडायचा असेल (मारहाण, खोटी अटक), तर शहराला आधी नोटीस द्यावी लागते: न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत ९० दिवस, कॅलिफोर्नियात ६ महिने. १९८३ ला ती नोटीस लागत नाही (फेल्डर, १९८८). लोक दोन्हींची गल्लत करतात आणि अर्धा दावा घालवतात. पोलिस खात्यात अंतर्गत तक्रार केल्यानं यातली एकही मुदत थांबत नाही.

दुसरं, कुणावर? राज्यावर नुकसानभरपाईचा दावा होत नाही, कारण या कलमात राज्य ही 'व्यक्ती' नाही. शहरावर होतो, पण नोकरानं चूक केली म्हणून नाही. शहराचं धोरण, रूढ प्रथा किंवा प्रशिक्षणातली गंभीर हेळसांड दाखवावी लागते (मोनेल, १९७८). म्हणून वकील आधी त्याच खात्यातल्या जुन्या तक्रारी मागवतात.

तिसरं, अधिकाऱ्याची ढाल, क्वालिफाइड इम्युनिटी. हक्क मोडला एवढं पुरत नाही. अशाच परिस्थितीत हे बेकायदा आहे असं आधीच्या निकालानं स्पष्ट झालेलं हवं. आणि २००९ पासून न्यायाधीश 'हक्क मोडला का' हा प्रश्न वगळून थेट 'आधी स्पष्ट होतं का' यावर केस संपवू शकतात. म्हणजे नवा निकाल होत नाही, म्हणून पुढच्या वेळीही काही 'स्पष्ट' नसतं. माझ्या मते या कायद्यातली सगळ्यात मोठी गळती हीच. शब्द कायद्यात कुठेही नाही, ढाल कोर्टानं घडवलेली आहे.

चौथं, मूळ गुन्ह्यात दोष कबूल करून सुटका घेतली असेल, तर त्या शिक्षेला खोटं ठरवणारा दावा चालत नाही (हेक, १९९४). फौजदारी वकिलानं "किरकोळ आहे, कबूल करून टाका" म्हटलं तर हे आधी विचारा. आणि मिरांडा वाचला नाही म्हणून १९८३ खाली पैसे मिळत नाहीत (टेको, २०२२).

करायचं काय तर पहिल्या आठवड्यात: जखमांचे फोटो, साक्षीदारांची नावं, आणि खात्याला लेखी पत्र की अमुक तारखेचं, अमुक वेळेचं बॉडी कॅमेऱ्याचं चित्रण पुसू नका. चित्रण ठरावीक काळानं आपोआप पुसलं जातं, तो काळ राज्यागणिक वेगळा आहे. सोबत सार्वजनिक नोंदींची मागणी.

केंद्रीय अधिकारी असेल तर १९८३ लागूच नाही. बिव्हन्सचा रस्ता (केंद्रीय अधिकाऱ्यावर थेट संविधानाच्या आधारानं भरपाईचा दावा, १९७१) कोर्टानं २०२२ पर्यंत जवळजवळ बुजवलाय. उरतो तो टॉर्ट क्लेम कायदा, म्हणजे नोकरांच्या चुकीबद्दल केंद्र सरकारकडे भरपाई मागण्याचा: एसएफ-९५ अर्ज, २ वर्षांत, त्याच खात्याकडे. त्यात रकमेच्या रकान्यात ठाम आकडा लिहा. "नंतर ठरवू" लिहिलं की अर्ज अवैध. खात्यानं नाकारलं तर ६ महिन्यांत कोर्ट. सहा महिन्यांत उत्तरच आलं नाही तर नकार समजून पुढे जाता येतं.

उंबरठा

व्हिसावाल्यांसाठी तीन गोष्टी, कुणी सांगत नाही म्हणून.

१८ वर्षांवरच्या परदेशी नागरिकानं नोंदणीचा पुरावा सतत जवळ ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. ग्रीनकार्डवाल्यानं कार्ड, व्हिसावाल्यानं आय-९४ ची (देशात प्रवेश केल्याच्या नोंदीची) छापील प्रत. फोनमधला फोटो पुरेसा समजू नका; फोन पोलिसाच्या हातात देणं हाही वर सांगितलेलाच धोका.

ड्रायव्हिंग लायसन्स काढताना 'मतदार नोंदणी' असा चौकोन येतो. कारकून म्हणाला तरी खूण करू नका. नागरिक नसताना नागरिक असल्याचा दावा झाला की हद्दपारीपर्यंत प्रकरण जातं, आणि "चुकून झालं" याला फारच कमी वाव आहे.

निवडणुकीला देणगी. एच-१बी, एल-१ (कंपनीतल्या बदलीचा), एफ-१ (विद्यार्थ्याचा) व्हिसा असलेल्यांना केंद्र, राज्य, शहर, कोणत्याही निवडणुकीत पैसे देता येत नाहीत. ग्रीनकार्डवाल्यांना येतात. ही बंदी पहिल्या दुरुस्तीत बसते असं सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये कायम केलं. मंडळाच्या ओळखीतले उमेदवार गणपतीत येतात, जेवणाच्या तिकिटात देणगी असते. तिकीट काढण्याआधी पैसे कुणाच्या खात्यात जातात ते विचारा. विनामूल्य स्वयंसेवक म्हणून काम करायला हरकत नाही.

अर्धाचहा

शेवटचा प्रश्न. आपल्या ग्रुपवर "खोली देणे आहे, फक्त महाराष्ट्रीयन, शाकाहारी" अशा जाहिराती असतात. हे चालतं?

माळरान

घर कुठलं यावर आहे. मालक स्वतः राहतो अशा चार घरांपर्यंतच्या इमारतीला फेअर हाउसिंगमधून सूट आहे. पण जाहिरातीला ती सूट नाही. भाडेकरू आतून निवडता येईल, छापून किंवा पोस्ट करून "फक्त अमुक मूळ देशाचे, अमुक धर्माचे" म्हणता येत नाही. वंशाला तर मुळात सूटच नाही, १८६६ चा कायदा तिथेही आहे. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एकत्र असलेल्या घरातला रूममेट निवडण्याला नवव्या सर्किटनं २०१२ मध्ये कायद्याबाहेर ठेवलं, म्हणजे कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन वगैरे राज्यांपुरतं. 'शाकाहारी' हा संरक्षित गट नाही, पण त्याआडून धर्म गाळला जातोय असं कुणी दाखवलं तर वाद होतो. "घरात मांसाहारी स्वयंपाक करता येणार नाही" असा घराचा नियम लिहावा, माणसाचं वर्णन लिहू नये. तक्रारीची मुदत गृहनिर्माण खात्याकडे १ वर्ष, कोर्टात २.

अर्धाचहा

ग्रुपच्या ॲडमिनना हा प्रतिसाद पाठवतो.